नेहेते सरांचा दसरा

परवा धुळ्यात एका निरोप समारंभाला गेले होते. तिथे जळगावहून आलेले एक पाहुणे बोलायला उभे राहिले आणि ओघात म्हणाले, "आमच्या जळगावात घरोघरी इंटरनेट नेलं ते नेहेते सरांनी." टाळ्या पडल्या. मी हात मांडीवरच ठेवले.

नेहेते सर घरोघरी गेले हे खरं आहे. इंटरनेट मात्र त्यांच्या मागून, आपल्या सवडीनं आलं, आणि बऱ्याच घरांत ते सर निघून गेल्यावरच आलं. त्यांच्याविषयी दोन चांगले शब्द लिहावेत अशी माझी इच्छा नाही, आणि तशी सोय त्यांनी ठेवलेलीही नाही. पण टाळ्या वाजल्याच आहेत, तर कशासाठी वाजल्या तेही कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

आम्ही जळगावच्या एकाच हायस्कुलात होतो. मी भूगोल शिकवायचे, ते वाणिज्य. सरांचं मूळ गाव फैजपूर, घरी केळीची बाग, त्यामुळे नोकरीची निकड नव्हती आणि ती नसल्याचं त्यांच्या शिकवण्यात दिसायचं. एका उन्हाळ्यात ते पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचा कसलासा कोर्स करून आले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत वेगळेच गृहस्थ येऊन बसले होते. फैजपूरची बोली गेली होती. "हो ना" च्या जागी "ऑफकोर्स" आलं होतं. खिशात दोन पेनांच्या शेजारी एक स्क्रू-ड्रायव्हर आला होता. हा स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी कुठल्या मशीनला लावलेला मी तरी पाहिला नाही. एकदा स्नेहसंमेलनात श्रीखंडाचा डबा उघडेना, तेव्हा तो कामी आला होता.

"तुमचं बेसिक कच्चं आहे." हे त्यांचं वाक्य. मुख्याध्यापकांचं बेसिक कच्चं होतं, शिपायाचं होतं, माझं तर होतंच. एखादी गोष्ट स्वतःला येत नसेल तर ते "मला माहीत नाही" असं कधी म्हणायचे नाहीत. डोळे बारीक करून म्हणायचे, "हा मोठा विषय आहे." जितका विषय मोठा, तितकं सरांचं अज्ञान मोठं, हे समजायला आम्हाला दोन वर्षं लागली.

कुणाच्या घरचा कॉम्प्युटर बिघडला की सर मोपेडवरून यायचे. आल्या आल्या मोजे काढायचे, हात धुवायचे, मग मशीनपुढे बसण्याआधी केसांतून कंगवा फिरवायचे. पडद्याच्या आतून कुणी बघणार असल्यासारखं हे चालायचं. नंतर ते मॉनिटर स्वतःकडे वळवून घ्यायचे, म्हणजे घरच्यांना नुसती त्यांची पाठ आणि पडद्याची मागची बाजू दिसावी. थोडा वेळ खटखट, मग एक लांबलचक "हंऽऽ", आणि मग निकाल. "मशीन कधी चुकत नाही. माणूस चुकतो. कुणी हात लावला होता?"

आता हा चुकलेला माणूस कोण ते सर कसं ठरवायचे, हे बघण्यासारखं होतं. वकिलाच्या घरी वकील कधी चुकायचा नाही, डॉक्टरच्या घरी डॉक्टर चुकायचा नाही. चुकायची ती सून, म्हातारी सासू, नाहीतर शिकायला राहिलेली भाची. घरात सगळ्यांत गरीब माणूस कोण, ते उंबऱ्यातच त्यांच्या लक्षात यायचं. कॉम्प्युटरमधलं त्यांना याच्या निम्मं जरी कळलं असतं, तरी मी आज त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या असत्या.

शाळेला इंटरनेट मिळालं तो दिवस मला चांगला आठवतो. मुख्याध्यापकांनी नारळ फोडला. टेलिफोनच्या तारेतून ते चिरकं, खरखरणारं संगीत सुरू झालं, तेव्हा सरांनी बोट वर करून आम्हाला गप्प केलं आणि म्हणाले, "ऐका. अमेरिका बोलतेय." आम्ही ऐकलं. अमेरिकेला जबरी सर्दी झालेली दिसली, पण तसं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मग पडद्यावर ब्राउझर उघडला. वरच्या बाजूला एक लांबट पांढरी पट्टी होती आणि तिच्याशेजारी लिहिलं होतं, अ‍ॅड्रेस. सरांनी तिथे आमच्या शाळेचा पूर्ण पत्ता टाईप केला. शाळेचं नाव, पेठ, गाव, पिनकोड, सगळं.

"आधी आपला पत्ता द्यावा लागतो," ते म्हणाले. "नाहीतर माहिती येणार कुठे?"

हे आम्हा सगळ्यांना इतकं पटलं की मुख्याध्यापक पुढे वाकून म्हणाले, "सर, जिल्हा पण टाका. नाहीतर दुसऱ्या जळगावला जायचं. बुलढाण्याकडे आहे एक." सरांनी जिल्हा टाकला. पडद्यावर इंग्रजीत आलं की हे पान दाखवता येत नाही. सरांनी ते दोनदा वाचलं आणि कंगवा काढून केसांतून फिरवला.

"सर्व्हर. आज शनिवार ना? अमेरिकेत हाफ डे असतो."

पुढे विज्ञानाच्या नव्या मॅडम आल्या. त्या पट्टीत आपला पत्ता टाकायचा नसतो, जिथे जायचंय तिथला टाकायचा असतो, हे त्यांनी सगळ्यांसमोर करून दाखवलं. पान उघडलं. सर जराही हलले नाहीत. "तो दुसरा प्रकार," म्हणाले, "दोन्ही चालतं."

थोड्याच दिवसांत सरांनी शाळा सोडली आणि दुकान थाटलं. काचेचं दार, आत एसी, चपला बाहेर. शाळेतल्या शिक्षकांनी हळहळावं अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही पेढे खाल्ले.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त वकील राहायचे, सगळे त्यांना आबा म्हणायचे. मुलगा मस्कतला, त्यानं आबांसाठी कॉम्प्युटर घेऊन दिला होता, अर्थात नेहेते सरांच्या दुकानातून. आबा रोज सकाळी त्यावर मुंबईचा पेपर वाचायचे. एकदा काय झालं, पेपरात पहिल्याच पानावर एका पुढाऱ्याच्या निधनाची बातमी आली. आबा त्या माणसाला ओळखत होते. दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर पुन्हा तो पुढारी वारलेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आबांच्या पत्नी, म्हणजे अक्का, मागून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "काय हो, हा मेला रोजच मरतो का?"

सरांना बोलावणं गेलं. मोजे काढले, हात धुतले, कंगवा फिरवला, मॉनिटर वळवला. "हंऽऽ. पेपरवाल्यांचा संप आहे. जुनाच अंक लावून ठेवतात अशा वेळी." मग त्यांनी तिथे पोहे खाल्ले, दोन कप चहा घेतला आणि जाताना अक्कांना बजावलं की धूळ पुसताना माऊसला हात लावत जाऊ नका.

खरी गोष्ट एवढीच होती की आदल्या खेपेला सरांनीच ब्राउझरमध्ये 'ऑफलाइन' या शब्दापुढे खूण करून ठेवली होती. का, तर म्हणे फोनचं बिल कमी येतं. त्यामुळे मशीन बाहेर कुठे जातच नव्हतं. पोटात साठवलेलं जुनं पान रोज काढून दाखवत होतं. सुट्टीत नाशिकहून आबांची नात आली. तिनं ती खूण काढली आणि बिचारा पुढारी कायमचा सुटला. सर पुढे रस्त्यात भेटले तेव्हा आबांनी त्यांना ताजा पेपर दिसू लागल्याचं सांगितलं.

"मिटला वाटतं संप," सर म्हणाले.

हे सगळं मी लोकांना रंगवून सांगायचे आणि लोक पोट धरून हसायचे. असला माणूस गावात एखादा हवाच, असं वाटायचं तेव्हा. मग सुजाताचं झालं, आणि त्या माणसाच्या नुसत्या मोपेडचा आवाज आला तरी मला किळस यायला लागली.

सोनवणे नाना आमचे शेजारी. मूळचे धुळ्याकडचे, असोद्याच्या शाळेत गुरुजी. कुटुंब बौद्ध. बाहेर नाना पुस्तकातल्यासारखं बोलायचे आणि घरात शिरले की सरळ अहिराणीत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पुस्तकांचं लोखंडी कपाट, आणि दरवर्षी दसऱ्याला नागपूरची दीक्षाभूमी. ही वारी नानांनी नोकरी लागल्यापासून एकदाही चुकवली नव्हती. नानांना देव नव्हता, मुहूर्त नव्हता, पत्रिका नव्हती. त्यांचा विश्वास होता तो शिकलेल्या माणसावर. शिकलेला माणूस खोटं बोलणार नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं. मी इतकी वर्षं शिक्षकांच्या खोलीत काढली, मला तसं कधी वाटलं नाही.

सुजाता त्यांची थोरली. धुळ्याला मावशीकडे राहून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत तिनं परीक्षा दिली होती, मुलाखतही देऊन आली होती. निवड झाली तर ई-मेलनं कळवू, दिलेल्या मुदतीत होकार आला नाही तर जागा पुढच्याला जाईल, असं त्यांनी सांगितलं होतं. ई-मेलचा पत्ता तिनं धुळ्यातल्या एका सायबर कॅफेत उघडलेला. आता पोरीला रोज कॅफेत जायला लागू नये म्हणून नानांनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. दिवस पितृपक्षाचे होते. त्या पंधरा दिवसांत आमच्याकडे कुणी नवी वस्तू घेत नाही. दुकानं ओस पडलेली असतात. नानांना त्याचं काय? उलट गर्दी नाही, सरांना नीट वेळ देता येईल, असं त्यांचं म्हणणं.

सर मशीन घेऊन आले तेव्हा मी सोनवण्यांकडेच बसले होते. त्यांनी पिशवीतून नारळ आणि हळदीकुंकवाची पुडी काढली. नाना नम्रपणे म्हणाले, "सर, आमच्याकडे हे नसतं."

"हां हां, तुमच्यात नसतं नाही का," सर म्हणाले आणि नारळ पिशवीत गेला. 'तुमच्यात' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मीच खाली बघितलं. सुजाताच्या आईनं चहा आणला. सर म्हणाले, "नको नको, आत्ताच झाला." त्यानंतर ते त्या घरी जितक्या वेळा आले, तितक्या वेळा त्यांचा चहा आत्ताच झालेला होता. आबांकडे दोन कप पिणारा माणूस. नानांना हे कळत नव्हतं असं नाही. शिकलेला माणूस म्हणून ते सोडून देत होते.

मशीन सुरू झालं. फोन लागला, ब्राउझर उघडला, बाकीची पानं दिसायला लागली. सुजातानं मेलचं पान उघडून आपलं नाव आणि पासवर्ड टाकला. पडदा क्षणभर लुकलुकला आणि पुन्हा तेच पान समोर आलं: नाव टाका, पासवर्ड टाका. तिनं पुन्हा टाकला. पुन्हा तेच. दार उघडून आत घ्यायचं आणि मागच्या मागे बाहेर आणून सोडायचं, असं काहीतरी चाललं होतं.

सर बघायला आले. पहिल्या खेपेला त्यांनी फोनची तार बदलली. दुसऱ्या खेपेला माऊसमधला गोळा काढून रुमालानं पुसला. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "फॉरमॅट मारू," आणि सगळं पुसून पुन्हा भरलं. चौथ्या खेपेला त्यांच्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणजे आता माणूस सापडायची वेळ झाली होती.

"गुरुजी, मशीन एकदम ओके आहे. पोरगी पासवर्ड विसरलीय."

सुजाता म्हणाली, "नाही सर. चुकीचा पासवर्ड टाकला तर ते लाल अक्षरांत तसं सांगतं. मी मुद्दाम चुकीचा टाकून पाहिला. आणि बरोबर टाकला की काहीच न सांगता परत तिथंच आणतं. म्हणजे पासवर्ड त्याला पटतोय, पण पुढे काहीतरी अडतंय."

इतकं स्वच्छ उत्तर त्या माणसाला आयुष्यात कुणी दिलं नसेल. दिवसभर विचार करून एखाद्या इंजिनियरनं द्यावं तसं. सरांनी कंगवा खिशात ठेवला.

"बेसिक कच्चं आहे तुझं," ते म्हणाले, आणि मग तिच्याकडे न बघता नानांना म्हणाले, "विसरतात मुली, आणि घरी सांगायला घाबरतात. आता जिथे जाईल तिथे हेच होणार. कॅफेत तर पाठवूच नका, तिथे पासवर्ड चोरतात."

सर गेल्यावर त्या घरात जे झालं ते मधल्या भिंतीतून मला ऐकू आलं. नाना ओरडणारे नव्हते. त्यांचा आवाज उलट खाली जायचा.

"सर खोटं कसाले सांगतीन?" ते म्हणाले.

"मंग मी खोटं सांगस का?" सुजाता म्हणाली.

त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद झालं, आणि सरांच्या शब्दावर तिचं कॅफेत जाणंही. सुजाता संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायची. तिला काही चेहऱ्यावर दाखवायची सवय नव्हती, पण एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "काकू, खरंच विसरले असेन का हो मी?" जागा जाईल ही भीती एक. पण बापानं आपल्याला खोटं ठरवलं, आणि आता आपलाच आपल्यावर भरवसा राहिना, हे त्याहून वाईट होतं. मला त्या माणसाचा भयंकर संताप आला. मी "नाही गं" एवढंच म्हणाले आणि तिच्या ताटातली गवार ओढून घेतली.

दसरा जवळ आला. नानांची नागपूरची तयारी सुरू झाली, गाडीचं आरक्षण झालं. एका दुपारी सुजाता पुन्हा मशीनपुढे बसली होती आणि मी शेजारी. नाना आले आणि मागे उभे राहिले. तिनं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, पान परत आलं. ती उठून आत पाणी प्यायला गेली. नाना खुर्चीत बसले. त्यांना माऊस धरता येत नव्हता. त्यांनी तो तळहाताखाली घेतला आणि बाण जाईल तिकडे जाऊ दिला. बाण पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या आकड्यांवर जाऊन थांबला. तिथे एक छोटी पिवळी पट्टी उमटली. एरवी त्या कोपऱ्यात नुसती वेळ दिसते, आणि वेळ बरोबर होती. बाण तिथे ठेवला की तारीख दिसते. नानांनी ती वाचली. चष्मा काढून पुन्हा वाचली. नोव्हेंबर.

"सुजा," त्यांनी हाक मारली. कितीतरी दिवसांनी मारली. "मी आजून नागपूरले गऊ नही, नि या पेटीमा दसरा व्हई बी गया?"

सुजाता आतून आली, तिनं ती पट्टी पाहिली आणि तारीख मागे आणली. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. मेल उघडली.

पुढे तिनं मला समजावलं ते असं: आपण पासवर्ड दिला की ती साईट आपल्या ब्राउझरला एक चिठ्ठी देते, इतक्या वेळापुरतं या माणसाला आत राहू द्या. ब्राउझर आपल्या मशीनचं घड्याळ बघतो. घड्याळात दिवस पुढे गेलेले, म्हणजे चिठ्ठीची मुदत हातात पडायच्या आतच संपलेली. मग तो ती फेकून देतो, आणि साईट पुन्हा म्हणते, तुम्ही कोण?

हैदराबादची मेल तिथे होती. निवड झाली होती. होकार कळवायची मुदत होऊन गेली होती.

तिनं लगेच उत्तर पाठवलं. नानांनी एसटीडी बूथवर जाऊन फोन लावला. तिकडच्या बाई बोलायला चांगल्या होत्या, फार हळहळल्या, पण जागा पुढच्या मुलाला दिली गेली होती. सुजाता आज शिरपूरच्या एका कॉलेजात शिकवते. चांगली शिकवते असं सगळे सांगतात. पण संशोधन राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी नाना मला म्हणाले, "बाई, तुम्ही त्यांच्यासोबत काम केलंय. जरा चला." नाना, सुजाता आणि मी, आम्ही तिघं दुकानात गेलो. चपला बाहेर काढल्या. आत एक जोडपं कॉम्प्युटर बघायला बसलं होतं आणि सर त्यांना एकविसावं शतक समजावून सांगत होते.

नानांनी आवाज न चढवता विचारलं, "सर, आमच्या मशीनची तारीख पुढे कुणी केली?"

"मीच," सर हसून म्हणाले. "अहो, पितरांत बसवत होतो ना! पितरांत नेलेलं यंत्र टिकत नाही, फिरून दुकानात येतं. म्हणून मी त्याला दसऱ्याची तारीख लावून दिली. मशीनच्या हिशेबानं ते दसऱ्यालाच सुरू झालं. पितरांतली सगळीच मशीनं मी अशी लावतो."

बाकीच्या घरांत मेल बघणारं कुणी नसावं. तिथे तो दसरा पचून गेला होता.

"पण आम्ही पितर पाळत नाही. तुम्हाला सांगितलं होतं मी."

"तुम्ही नसाल पाळत," सर म्हणाले. "मी पाळतो ना."

मी त्या माणसाकडे बघतच राहिले. जिभेवर एकविसावं शतक आणि पोटात कावळ्याची भीती. तीही स्वतःच्या घरात ठेवायची सोडून दुसऱ्याच्या घरात, त्याला न विचारता, त्याच्या पाठीमागे बसवून आला होता. आणि ज्या घरात बसवली त्या घरचं पाणीही त्याला चालत नव्हतं.

नाना म्हणाले, "बरं. पोरीची जागा गेली ती काही परत येत नाही. तुम्ही फक्त एवढं म्हणा, तिच्यासमोर म्हणा, की ती पासवर्ड विसरली नव्हती."

एवढंच मागितलं होतं. एक वाक्य. भरपाई नाही, माफी नाही. सरांनी त्या जोडप्याकडे पाहिलं. नवरा-बायको दोघंही कान देऊन ऐकत होते.

"हा मोठा विषय आहे, गुरुजी," सर डोळे बारीक करून म्हणाले. "तारखेचा आणि पासवर्डचा आतून संबंध असतो. तिच्याकडूनही टाकताना काहीतरी झालं असणारच. त्याशिवाय—"

नानांनी पुढचं ऐकलं नाही. ते वळले. सुजाता दाराशी, काचेला टेकून उभी होती. नाना तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. मुलीला हात जोडणारा बाप मी त्याआधी पाहिला नव्हता. ती "नाना, नही, नही" म्हणत त्यांचे हात खाली ओढायला लागली.

"चूक मन्ही शे, माय," नाना म्हणाले. "मी तुनं आयकं नही. माफी मांगस मी."

सरांना नानांची पाठ दिसत होती. कानावर त्यातलं 'माफी' तेवढं पडलं असावं. ते खुर्चीत मागे रेलले, त्यांनी एक हात वर केला आणि मोठ्या उदार आवाजात म्हणाले, "असू द्या, असू द्या, गुरुजी. मी मनावर घेत नाही."

मी चपला घालताना काचेतून आत पाहिलं. सर खिशातून कंगवा काढत होते. नेहेते सरांना मी पाहिलं ते शेवटचं. पुढच्या जूनमध्ये माझी धुळ्याला बदली झाली. त्या दिवशी दुकानाचं दार आमच्या मागे अजून पुरतं लागलं नव्हतं, त्यामुळे ते त्या जोडप्याला काय म्हणाले ते आम्हा तिघांनाही स्पष्ट ऐकू आलं.

"बघा, चूक कबूल करायला मन मोठं लागतं हो."